गोलकनाथ निकालाचे न्यायमूर्ती : कोका सुब्बा राव

पंजाबातील जालंधरच्या एका कुटुंबाची अतिरिक्त ठरलेली शेतजमीन हा वास्तविक महसूल खात्याच्या दप्तरातला विषय. मात्र या वादातूनच संसद मोठी की नागरिकांचे मूलभूत हक्क, हा प्रश्न १९६७ मध्ये उभा राहिला. त्याचे उत्तर देणाऱ्या घटनापीठाचे नेतृत्व देशाचे नववे सरन्यायाधीश कोका सुब्बा राव यांच्याकडे होते.

सुब्बा राव यांचा जन्म १५ जुलै १९०२ रोजी गोदावरीकाठच्या राजमहेंद्री येथे झाला. मद्रास येथे कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी तेथेच वकिली केली. १९४८ मध्ये ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. स्वतंत्र आंध्र राज्याच्या निर्मितीनंतर १९५४ मध्ये गुंटूर येथे उच्च न्यायालय स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या मुख्य न्यायमूर्तिपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. जानेवारी १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात दाखल झाले.

तो काळ जमीन सुधारणांचा होता. जमीनदारी निर्मूलनानंतर राज्यांनी शेतजमिनीच्या धारणेवर कमाल मर्यादा घातली. मर्यादेबाहेरील जमीन कुळांना व भूमिहीनांना मिळावी, हा त्यामागील उद्देश. जमीनधारक न्यायालयात गेल्याने हे कायदे अडकू लागले, तेव्हा संसदेने १९६४ मध्ये सतरावी घटनादुरुस्ती करून ४४ कायदे नवव्या परिशिष्टात समाविष्ट केले. मूलभूत हक्कांचा भंग होतो या कारणास्तव त्यांना आव्हान देण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदाही त्यांत होता. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने त्याच वर्षी सज्जनसिंह खटल्यात ही दुरुस्ती वैध ठरवली, तथापि न्या. हिदायतुल्ला आणि न्या. मुधोळकर यांनी संसदेच्या अमर्याद अधिकाराविषयी शंका नोंदवली.

सुब्बा राव ३० जून १९६६ रोजी सरन्यायाधीश झाले. गोलकनाथ कुटुंबाची ४१८ प्रमाण एकरांहून अधिक जमीन पंजाबच्या १९५३ च्या कायद्यानुसार अतिरिक्त ठरवण्यात आली होती. कुटुंबाने त्या आदेशासह घटनादुरुस्तीलाच आव्हान दिले. ११ न्यायमूर्तींच्या पीठाने २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सहा विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने निकाल दिला. घटनादुरुस्ती हाही कायदाच असल्याने तिच्या साहाय्याने मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असे बहुमताने ठरवले.

मात्र हे तत्त्व मागील तारखेपासून लागू केले असते, तर देशभरातील जमीन वाटप उलटले असते आणि कुळांच्या हाती आलेली जमीन पुन्हा वादात सापडली असती. म्हणून सुब्बा राव यांनी निकालाचा परिणाम केवळ भविष्यातील घटनादुरुस्त्यांपुरता ठेवला. परिणामी सतरावी दुरुस्ती टिकली, पंजाबचा कायदाही टिकला आणि गोलकनाथ कुटुंबाची याचिका फेटाळली गेली. ज्यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, त्यांना त्यातून जमीन मात्र मिळाली नाही.

निकालावर तीव्र टीका झाली. मालमत्तेच्या हक्काला दिलेल्या संरक्षणामुळे सामाजिक न्याय खुंटेल, असा आक्षेप होता. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी संसदेचा अधिकार पुनःस्थापित करण्यासाठी खासगी विधेयक मांडले. दरम्यान, ११ एप्रिल १९६७ रोजी राजीनामा देऊन सुब्बा राव यांनी विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. डॉ. झाकिर हुसेन यांनी त्यांचा पराभव केला. सरन्यायाधीशाने थेट निवडणुकीत उतरावे काय, हा वाद त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

संसदेने १९७१ मध्ये चोविसावी दुरुस्ती केली. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यातून उद्भवलेल्या केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी गोलकनाथ निकाल रद्द ठरला. परंतु राज्यघटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही, हे नवे बंधन संसदेवर आले. सुब्बा राव यांचा मार्ग नाकारला गेला, तरी त्यांची चिंता मान्य झाली.

इकडे जमिनीचे दावे सुरूच राहिले. महाराष्ट्राच्या सुधारित कायद्यात २६ सप्टेंबर १९७० नंतर आणि २ ऑक्टोबर १९७५ पूर्वी झालेली जमिनीची हस्तांतरणे संशयास्पद मानली गेली. कायदा चुकवण्यासाठी खरेदीखत केले नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवहार करणाऱ्यावर आली. अशा वादांत कायद्याच्या वैधतेऐवजी त्या एका व्यवहाराचा हेतू तपासला जातो.

आणीबाणीच्या काळात ६ मे १९७६ रोजी सुब्बा राव यांचे निधन झाले. त्याच्या आठच दिवस आधी, स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. पुढे चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला. नवव्या परिशिष्टात २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेले कायदे मात्र न्यायालयीन तपासणीस पात्र आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले.