जखमींचे डॉक्टर

1938 सालची गोष्ट. आपला देश तेव्हा पारतंत्र्यात होता. याच काळात शेजारच्या चीन देशावर मोठे संकट आले होते. जुलै 1937 मध्ये जपानने चीनवर चढाई केली होती. गावेच्या गावे उद्ध्वस्त होत होती. रणांगणावर जखमी झालेल्या सैनिकांना वेळेवर उपचार मिळत नव्हते. डॉक्टर थोडे होते आणि औषधांचा तुटवडा होता. म्हणून चीनचे सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली.

त्या वर्षी नेताजी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देणगीसाठी लोकांना आवाहन केले. भारतातील लोक स्वतः गुलामगिरीत होते, गरीब होते. तरीही त्यांनी यथाशक्ती मदत केली. सुमारे 22,000 रुपये जमले. एका रुग्णवाहिकेचीही सोय झाली. पण नुसत्या पैशाने जखम बरी होत नाही. जखम बांधायला माणसाचे हात लागतात. त्यासाठी पाच डॉक्टर पुढे आले. डॉ. अटल हे या पथकाचे प्रमुख होते. डॉ. चोळकर, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे त्यांचे सहकारी होते. पथकातील पाचवे डॉक्टर होते सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे झाला. मुंबईच्या गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते डॉक्टर झाले. पुढचे शिक्षण घेण्याची त्यांची तयारी चालली होती. ते शिक्षण पूर्ण झाले असते, तर मुंबईत त्यांना चांगले काम मिळाले असते आणि घरालाही आधार झाला असता. पण चीनमधील जखमींची हाक त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी वडिलांची संमती मिळवली आणि पथकात नाव दिले.

1 सप्टेंबर 1938 रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले. चीनमध्ये पोहोचल्यावर पाचही डॉक्टरांनी चिनी नावे घेतली. प्रत्येकाच्या नावात 'हुआ' हा शब्द होता. 'हुआ' म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले के दीहुआ.

पथकाचा पुढचा प्रवास चालू होता. इतक्यात घरून दुःखाची बातमी आली. द्वारकानाथांचे वडील वारले होते. परक्या मुलखात त्या तरुणाला किती दुःख झाले असेल! आई घरी शोक करीत होती आणि इकडे जखमी वाट पाहत होते. द्वारकानाथांनी दुःख गिळले आणि ते आपल्या सोबत्यांबरोबर पुढे निघाले. फेब्रुवारी 1939 मध्ये पथक येनान येथे पोहोचले.

काही महिन्यांनी कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ भागात, लढाईच्या तोंडावर गेले. तेथे मोठ्या इमारतीचे रुग्णालय कोठून असणार? शेतकऱ्यांची घरे हेच रुग्णालय होते. गावकरी जखमींना डोलीत घालून डोंगरवाटांनी आणीत. जखमी माणसाला एकेक क्षण मोलाचा असतो. रक्तस्राव लवकर थांबला नाही, तर जीव जातो. जखम उशिरा धुतली, तर ती चिघळते. म्हणून कोणावर आधी उपचार करायचे आणि कोण थोडा वेळ थांबू शकेल, हे डॉक्टरांना झटपट ठरवावे लागते. कोटणीस हे काम रात्रंदिवस करीत. चीनचा हा भाग शत्रूने घेरलेला होता. बाहेरून औषधे येणे अवघड होते. पट्ट्या धुऊन पुन्हा वापराव्या लागत. अशा वेळी औषधाची एक बाटली किंवा कापसाचा एक गठ्ठा म्हणजे केवढी मोठी देणगी असते, हे कळून येई.

1940 साली तुंबळ लढाई झाली. जखमींची रीघ लागली. कोटणीस शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभे राहिले ते बहात्तर तास! तीन दिवस आणि तीन रात्री त्यांनी झोप घेतली नाही. त्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले.

कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांनीही याच भागात जखमींची सेवा केली होती. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि नोव्हेंबर 1939 मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद 1941 साली कोटणीसांकडे आले. ते आता चिनी भाषा उत्तम बोलत. तरुणांना ते चिनी भाषेतूनच शस्त्रक्रिया शिकवीत. त्यांच्यासाठी त्यांनी पुस्तकही लिहायला घेतले. याच रुग्णालयातील क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन.

अतिश्रमाने कोटणीसांची प्रकृती ढासळत होती. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. अखेर 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता. पथकातील इतर चार डॉक्टर मायदेशी परतले. कोटणीस मात्र चीनच्या मातीतच विसावले.

1946 साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. चीनमधील शिजियाझुआंग शहरात त्यांची समाधी आहे. सोलापुरातही त्यांचे स्मारक आहे.

भारतातील ज्या लोकांनी त्या निधीला पैसे दिले, त्यांना आपला पैसा कोणाच्या जखमेवरची पट्टी झाला, हे कधीच कळले नाही. ज्यांचे प्राण वाचले, त्यांनाही देणाऱ्यांची नावे कळली नाहीत. पण देणारे आणि घेणारे यांच्यामध्ये डॉ. कोटणीस उभे होते. लोकांनी ऐपतीप्रमाणे पैसे दिले. त्यांनी आपले आयुष्य दिले.

स्वाध्याय

1. चीनला डॉक्टरांची व औषधांची गरज का होती?
2. वडिलांच्या मृत्यूची बातमी कळल्यावर द्वारकानाथांनी काय केले?
3. जखमी माणसाला एकेक क्षण मोलाचा का असतो?
4. 'यिनहुआ' या नावाचा अर्थ सांगा.
5. तुमच्या गावातील रुग्णालयाला तुम्ही कोणती मदत करू शकाल? पाच वाक्ये लिहा.