रंगभूमीचे आश्रयदाते

कृष्णेच्या काठी वसलेले सांगली हे गाव आज महाराष्ट्रात नाट्यपंढरी म्हणून ओळखले जाते. हा मान त्या गावास ज्यांच्यामुळे लाभला, ते सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन होत. त्यांनी स्वतः नाटक लिहिले नाही, की रंगभूमीवर पाऊल ठेवले नाही. तरीही मराठी नाटकाच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घ्यावे लागते. असे का, ते आता आपण पाहू.

अप्पासाहेबांचे बालपण सुखाचे गेले नाही. पितृछत्र लवकरच हरपले आणि अवघ्या सहा वर्षांच्या या बालकाच्या नावे मिरजेची जहागीर आली. कारभार त्यांचे चुलते गंगाधरराव पाहत असत. पुढे अप्पासाहेब वयात आले, तेव्हा चुलत्या-पुतण्यांत वाद उत्पन्न झाला. अखेर जहागिरीची वाटणी झाली. मिरज चुलत्यांकडे राहिली आणि १८०१ साली अप्पासाहेबांनी सांगलीस आपली राजधानी केली. त्या वेळी सांगली हे लहानसे गाव होते. त्यांनी तेथे किल्ला बांधला, पेठा वसविल्या आणि गणपतीचे सुंदर देवालय उभारले.

ते मोठे मानी पुरुष होते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी त्यांच्याकडे लष्करी चाकरीची मागणी केली. ज्यांनी आजवर पेशव्यांची चाकरी केली, त्यांना परक्यांची चाकरी कशी रुचावी? ती पत्करण्याऐवजी त्यांनी सुमारे १,३५,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. असा हा मानी राजा गुणीजनांपुढे मात्र अतिशय मृदू होत असे.

१८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक संच सांगलीस आला. ही मंडळी पुराणातील कथा सोंगे आणून, गाऊन व नाचून दाखवीत. अप्पासाहेबांनी त्यांचे खेळ पाहिले. त्यांतील कल्पना त्यांना आवडली. परंतु खेळातील ओबडधोबडपणा खटकला. असे खेळ आपल्या मराठी भाषेत, अधिक नेटके आणि अधिक रसाळ झाले तर किती बरे होईल, असा विचार त्यांच्या मनात आला.

दूर दक्षिणेत तंजावरच्या भोसले राजांनी यापूर्वीच मराठीत नाटके रचिली होती. परंतु महाराष्ट्रातील लोकांना त्यांची वार्ताही नव्हती. येथे कीर्तन होते, लळिते होती, तमाशा होता. पण नाटक असे नव्हते. मग हे नवे काम सांगावे कोणाला? दरबारात विद्वान शास्त्रीपंडित पुष्कळ होते. अप्पासाहेबांची दृष्टी मात्र विष्णू अमृत भावे या सुमारे चोवीस वर्षांच्या तरुणावर गेली. त्याच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता. पण तो कविता करी, गोष्टी रंगवून सांगे आणि हालत्या बाहुल्या आपल्या हातांनी घडवी. ज्याला लोक रिकामटेकडेपणा म्हणत असतील, त्यातच अप्पासाहेबांना कल्पकता दिसली.

त्यांनी विष्णूला नुसती आज्ञा केली नाही. नटांचा पोशाख, दागिने आणि इतर साहित्य यांचा खर्च दरबारातून दिला. तालमींसाठी माणसे आणि पुरेसा अवधी दिला. पुष्कळ खटपटीनंतर ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग झाला. प्रारंभी सूत्रधार ईशस्तवन करी; मग गणपती येई, सरस्वती येई, विदूषक हसवी आणि नंतर मुख्य कथा सुरू होई. पद्ये विष्णूने रचिलेली असत व ती सूत्रधार गाई. संभाषणे मात्र नटांनी प्रसंगानुसार आयत्या वेळी करावयाची असत. स्त्रियांची कामेही मुलगेच करीत. प्रयोग अप्पासाहेबांना फार आवडला. त्यांनी विष्णूचे कौतुक केले आणि पुढील नाटकांस आश्रय दिला. मग रामायणातील प्रसंगांवर एकामागून एक नाटके होऊ लागली.

परंतु नव्या गोष्टीला विरोध हा व्हावयाचाच. चांगल्या घरच्या मुलांनी तोंडाला रंग फासून नाचावे, हे जुन्या मंडळींना रुचेना. या नटांना जेवणाच्या पंक्तीस घेऊ नये, अशी कुजबुज सुरू झाली. त्या काळी पंक्तीबाहेर पडणे म्हणजे समाजाबाहेर पडणे होय. अशा वेळी अप्पासाहेब नटांच्या पाठीशी उभे राहिले. राजाचाच आधार आहे म्हटल्यावर विरोधकांचे बळ ओसरले. पैसा देणारे धनी पुष्कळ असतात. लोकनिंदेच्या वेळी ढाल होणारा धनी विरळा.

१८५१ साली अप्पासाहेब निवर्तले. त्यांचे पुत्र अद्याप लहान होते. दरबाराचा आश्रय तुटला आणि विष्णुदासांच्या माथी कर्जाचा भार राहिला. राजाबरोबर नाटकही संपावयाचे काय, असा प्रश्न उभा राहिला. परंतु आठ वर्षांच्या आश्रयाने विष्णुदास आता पक्के झाले होते. त्यांनी आपली मंडळी बरोबर घेतली आणि गावोगाव खेळ सुरू केले. १८५३ साली मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहात त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले. राजवाड्यात जन्मलेले नाटक लोकांचे झाले. त्यांचे पाहून ठिकठिकाणी नव्या नाटक मंडळ्या निघाल्या. राजाने लावलेले रोप राजाच्या पश्चातही वाढले, यातच त्याच्या आश्रयाची खरी परीक्षा झाली.

सातासमुद्रांपलीकडे आयर्लंड देशातही पुढे असेच घडले. तेथे डब्लिन शहरात १९०४ साली अ‍ॅबी नाट्यगृह उघडले. लेडी ग्रेगरी नावाची विदुषी आणि कवी येट्स हे त्याचे चालक होते. शॉन ओ'केसी या गरीब मजुराची पहिली नाटके तेथे नाकारली गेली. परंतु त्याला धीर देऊन पुन्हा लिहावयास सांगितले गेले. १९२३ साली त्याचे नाटक रंगभूमीवर आले आणि तो थोर नाटककार म्हणून प्रसिद्धी पावला. देश निराळे, काळ निराळा. पण अंकुराला पाणी घालण्याची रीत एकच.

आज ५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. सांगलीच्या नाट्यगृहास विष्णुदासांचे नाव दिलेले आहे. मुलांनो, परभणीस काय किंवा एखाद्या खेड्यातील शाळेत काय, स्नेहसंमेलनात पडदा वर जातो तेव्हा टाळ्या नटांना मिळतात. आणि ते योग्यच आहे. पण तुमच्याच वर्गात एखादा अबोल मुलगा वहीच्या मागच्या पानावर काही लिहीत असेल. त्याला हसण्यापूर्वी ते पान वाचून पाहावे. अप्पासाहेबांनी विष्णूच्या बाहुल्यांकडे असेच पाहिले होते.