कर्नल साइक्स आणि दख्खनचे मासे

खुलताबादहून घाट उतरला की तीन-चार किलोमीटरवर वेरूळ. या लेण्यांवर लिहिणाऱ्या सुरुवातीच्या इंग्रजांत विल्यम हेन्री साइक्स यांचे नाव येते. त्यांचा लेख मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथात १८२३ साली छापला गेला. लेण्यांच्या निमित्ताने हे नाव मला कळले आणि ग्रंथालयात थोडा शोध घेतला, तेव्हा लक्षात आले की या गृहस्थांनी आमच्या नद्यांतल्या माशांचीही नावनिशीवार नोंद करून ठेवली आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील तलावात जाळे टाकतात. तेव्हा लेण्यांपेक्षा माशांकडे माझे मन अधिक ओढले गेले, हे सांगायला नकोच.

साइक्स यांचा जन्म १७९० चा. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे मुले आठवी-नववीत असतात त्या वयात, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात ते होते. पुढे १८१७ मध्ये खडकी आणि पुण्याच्या लढायांत पेशव्यांच्या फौजेविरुद्ध ते लढले. ज्याने आपले राज्य बुडविण्यास हातभार लावला, त्याचे चरित्र आपण कौतुकाने का लिहावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच, की लढाई संपल्यावर या माणसाने जे केले ते आज आपल्या उपयोगाचे आहे.

काही वर्षे युरोपात घालवून ते परतले. १८२४ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. मग गावोगाव हिंडणे सुरू झाले. लोकसंख्या किती, जमिनीची वहिवाट कशी, पाऊस किती पडतो, हवेचा दाब दिवसातून कसा चढतो-उतरतो, सगळे वहीत. सोबत पशुपक्षीही. दख्खनच्या दोनशेहून अधिक पक्ष्यांची यादी त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्या माळरानावर तुरा उभारून बसणारा एक चंडोल आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

माशांचे काम मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते. भीमा, मुळा-मुठा आणि त्यांच्या आसपासच्या पाण्यांतील सेहेचाळीस जाती त्यांनी नोंदविल्या. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे हे काम १८३८ च्या सुमारास मांडले गेले आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर छापले गेले. त्या काळी विलायती पंडित नव्या जातीला लॅटिन नाव देत, नाहीतर एखाद्या मित्राचे. साइक्स यांनीही काही मित्रांची नावे दिलीच, पण बऱ्याच ठिकाणी धरणाऱ्याच्या तोंडचे नावच शास्त्रात नेऊन बसविले. घोगऱ्याचे ‘गोग्रा’ झाले, शिंगाळ्याचे ‘सींघाला’, मळ्याचे ‘मुल्या’. ही नावे मी घरी वाचून दाखविली तेव्हा आजोबा म्हणजे जणू परीक्षकच. उच्चार दुरुस्त करीत गेले. एकशेऐंशी वर्षांपूर्वीच्या इंग्रजी ग्रंथातले शब्द आमच्या ओसरीवर ओळखले गेले. ज्यांनी ही नावे सांगितली त्या भोयांची नावे मात्र ग्रंथात शोधून सापडत नाहीत. असो.

याच यादीत ‘खुद्री’ आहे, म्हणजे दख्खनचा महसीर. मोठ्या खवल्यांचा, वाहत्या पाण्यातला, गळाला लागला की दोरी तोडू पाहणारा मासा. ‘मुसुल्लाह’ नावाचा आणखी एक मोठा मासाही त्यांनी नोंदविला. या दोन नावांनी पुढे कसा घोळ घातला ते सांगण्यापूर्वी चरित्र पुरे करते.

१८३१ मध्ये साइक्स यांनी हिंदुस्थान सोडले. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य, १८४० मध्ये कंपनीचे संचालक, १८५६ मध्ये अध्यक्ष, १८५७ पासून अखेरपर्यंत ॲबरडीनचे पार्लमेंट सदस्य, अशी पुढची चढती कमान आहे. १८७२ मध्ये ते वारले.

त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १८७३ मध्ये, दोन पुस्तके बाहेर आली. मद्रास इलाख्यातील अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे गळाच्या मासेमारीवरील ‘द रॉड इन इंडिया’, आणि सरकारी डॉक्टर फ्रान्सिस डे यांचा गोड्या पाण्यातील माशांविषयीचा अहवाल. एक साहेबांच्या छंदाचे, दुसरे खात्याचे. पण मासे बेसुमार मारले जात आहेत, ही तक्रार दोघांचीही. अखेर १८९७ चा मासेमारी कायदा आला. पाण्यात सुरुंग लावणे आणि विष कालवणे हा गुन्हा ठरला. बांध, अडवणीची साधने आणि जाळ्याचे प्रकार यांवर नियम करण्याचा अधिकारही सरकारला मिळाला. सुरुंगाची बंदी योग्यच होती. परंतु जाळ्यांवर नियम आणि छंदाच्या गळाला मोकळीक, हा न्याय पोटासाठी जाळे टाकणाऱ्याला कसा वाटला असेल, याचा विचार मी भोयाची मुलगी म्हणून करते.

आता तो घोळ. धरणे झाली, वाहते पाणी थांबले आणि महसीर घटू लागला. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपनीच्या केंद्रात मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्रीची कृत्रिम पैदास साधली. काम मोठेच होते. तेथील पिल्ले दूरदूर गेली, कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कारण तेथे गळाने मोठा महसीर धरून पुन्हा सोडून देणाऱ्या शौकिनांना मासे हवे होते, आणि महसीर वाचविणेही हवेच होते. दोन्ही हेतू चांगलेच.

पण कावेरीचा स्वतःचा महसीर निराळा होता. पाठीला कुबड असलेला, पन्नास किलोंच्या वर जाणारा. त्याला अनेक वर्षे साइक्स यांचेच ‘मुसुल्लाह’ हे नाव चिकटवून ठेवले होते. साइक्स यांच्या अनेक जातींचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. चित्र आणि वर्णन एवढाच आधार. ते नीट तपासल्यावर २०१३ मध्ये स्पष्ट झाले की मुसुल्लाह मुळी महसीर वंशातला नव्हेच. म्हणजे कावेरीच्या राजाला नावच उरले नाही! नाव नाही तर संकटग्रस्तांच्या यादीत घालणार कोणाला? २०१८ मध्ये त्याची ओळख ‘टोर रेमादेवी’ म्हणून पटली आणि त्यानंतर तो अतिसंकटग्रस्त ठरला. पाहुणा खुद्री तिथे वाढत गेला, घरचा मासा कमी होत गेला. त्याच सुमारास खुद्रीचा जागतिक यादीतील दर्जा ‘संकटग्रस्त’वरून ‘कमी चिंतेचा’ असा बदलला.

ही घसरण कळली कशी, तर शौकिनांच्याच वह्यांतून. कोणत्या दिवशी कोणता मासा लागला, वजन किती, याची १९९८ ते २०१२ पर्यंतची नोंद त्यांच्या छावणीत होती. गळवाल्यांवर मी वर थोडी टीका केली, पण ही वही ठेवल्याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. साइक्सही शेवटी वहीचेच माणूस होते.

आमच्याकडे तलावात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडतात. हे मासे मूळचे उत्तरेकडील गंगेच्या खोऱ्यातले. चिलापी तर त्याहून परकी. त्यावर आमचे घर चालते, म्हणून ते सोडू नयेत असे मी म्हणणार नाही. परंतु वडील वजनाला बसतात त्या काट्यावरची वही मी पाहिली आहे. तीत कटला, रोहू, मृगळ आणि चिलापी यांना स्वतंत्र रकाने आहेत. घोगरा, शिंगाळा, मळ्या आणि बाकीचे सगळे एकाच रकान्यात येतात, आणि त्या रकान्याचे नाव आहे ‘इतर’. यंदापासून त्या रकान्याशेजारी माशाचे नावही लिहावे असे मी वडिलांना सुचविले आहे. नावे आजोबा सांगतील, लिहीन मी.