पहिल्या यशाचा चकवा

अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्य जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत डॉ. बेंजामिन रश हे फिलाडेल्फियाचे नामवंत डॉक्टर होते. एडिंबरोत शिकलेले रश गुलामगिरीचे विरोधक होते. मनोरुग्णांना माणुसकीने वागवावे, यासाठीही त्यांनी कष्ट घेतले.

१७९३ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. सुमारे पन्नास हजार वस्तीच्या शहरात नोव्हेंबरपर्यंत जवळपास पाच हजार माणसे दगावली. अनेक श्रीमंत शहर सोडून गेले, रश मात्र थांबले. नेहमीचे उपाय चालेनात, तेव्हा व्हर्जिनियातील एका डॉक्टरचे जुने हस्तलिखित त्यांच्या वाचनात आले. रुग्ण अशक्त दिसला तरी जोरदार जुलाब द्यावा, असा त्यात सल्ला होता. रश यांनी पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल आणि जलाप या औषधांचे मोठे डोस सुरू केले, जोडीला शीर उघडून रक्त काढले. पहिल्या पाचपैकी चार रुग्ण बरे झाले आणि उपाय सापडला, अशी त्यांची खात्री पटली.

मात्र पीतज्वराचे बरेच रुग्ण उपचारांशिवायही बरे होतात. रश यांच्या हे ध्यानात आले नाही, कारण उपचार न दिलेल्या रुग्णांशी तुलना त्यांनी केलीच नाही. रुग्ण वाचला की श्रेय उपचाराला. दगावला तर तो उशिरा आला किंवा रक्त कमी काढले गेले, असा अर्थ लावला जाई. अशा हिशेबात उपचार चुकीचा ठरण्याची सोयच नव्हती. रुग्णामागून रुग्ण पाहूनही मत तपासले गेले नाही, उलट घट्ट होत गेले. शरीरात प्रत्यक्षात असते त्याच्या जवळजवळ दुप्पट रक्त असते, असा त्यांचा समज होता. त्यामुळे धोका आणखी वाढला.

त्याच शहरात बुश हिल येथील तात्पुरत्या रुग्णालयात फ्रेंच डॉक्टर ज्यां देवेझ सौम्य उपचार करत होते. रश यांनी ते स्वीकारले नाहीत. साथीत त्यांची बहीण आणि तीन शिष्य गेले. ते स्वतः आजारी पडले, आपलाच उपचार घेऊन बरे झाले आणि त्यांचा विश्वास आणखी वाढला.

१८१३ मध्ये अखेरच्या आजारातही त्यांनी स्वतःचे रक्त काढून घेतले. पुढे १८३५ मध्ये पॅरिसच्या पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांची आकडेवारी मांडली, तेव्हा रक्त काढण्याचा दावा केला जात होता तेवढा फायदा दिसला नाही. पीतज्वर डासांमुळे पसरतो, हे १९०० मध्ये सिद्ध झाले.

रश धाडसी होते, प्रामाणिकही होते. त्यांच्याकडे नव्हती ती तुलना. म्हणूनच आज नवे औषध आले की ते घेणाऱ्यांबरोबर न घेणाऱ्यांचाही गट पाहिला जातो. ‘मला गुण आला’ एवढ्यावर औषध सुचवणाऱ्याला आपणही एक प्रश्न विचारावा: ते न घेतलेल्यांचे काय झाले?