साखरेच्या सहकाराचा पाया रचणारा लोणीचा शेतकरी

बुलडाणा जिल्ह्यासारख्या कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यातील शेतकरी अभ्यास दौऱ्याच्या निमित्ताने पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यात शिरतो, तेव्हा वजनकाटा, गव्हाण, चरकांची रांग, धगधगणारे बॉयलर असा प्रवास त्याला क्रमाने दाखविला जातो. एक टन उसापासून साधारण १०० ते ११५ किलो साखर मिळते, २८० ते ३०० किलो ओले चिपाड उरते आणि ४० किलोच्या आसपास मळी निघते. चिपाड जाळून वीज तयार होते, मळीपासून इथेनॉल. पाहुणा हे सारे कुतूहलाने पाहतो. मात्र या यंत्रांची मालकी शेतकऱ्याकडे कशी आली, हा प्रश्न दौऱ्यात बहुधा मागे पडतो. त्याचे उत्तर शोधायचे तर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी बुद्रुक या गावी जावे लागते.

विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचा जन्म १२ ऑगस्ट १८९७ रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, लोणी येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेम प्राथमिक इयत्तांपर्यंतच झाले. पण कर्जाच्या वहीतील आकडे शेतकऱ्याच्या संसाराचे काय करतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. सावकाराच्या दारातून शेतकऱ्याला सोडवायचे तर गावाने स्वतःची पत उभी केली पाहिजे, या विचाराने त्यांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे सहकारी पतसंस्था स्थापन केली. पुढील सर्व कार्याची ही पहिली पायरी ठरली.

पाणी आले, पण दाम नाही

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण आणि कालव्यांमुळे या दुष्काळी टापूत ऊस उभा राहिला होता. तथापि या पाण्याचा मोठा लाभ खासगी साखर कंपन्यांनी उचलला. शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन त्यांनी मोठमोठे मळे फुलविले. ज्यांनी जमीन स्वतःकडे ठेवली, ते गूळ करीत आणि गुळाचा भाव पडला की वर्षाची मेहनत पाण्यात जाई. ऊस पिकविणारा एक आणि साखरेचा नफा घेणारा दुसरा, हे विठ्ठलरावांना मान्य नव्हते.

१९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजच्या श्रीरामपूर येथे, बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी ख्यातनाम अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच सहकारी तत्त्वावर कारखाना काढावा, ही कल्पना येथे बळावली. पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक असलेले गाडगीळ आणि लोणीचे अल्पशिक्षित शेतकरी विखे पाटील ही जोडी तशी विसंगत वाटावी अशीच. परंतु एकाने योजनेला शास्त्रीय बैठक दिली, तर दुसऱ्याने तिच्यामागे माणसे उभी केली. मुंबई प्रांताचे तत्कालीन सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळही मोलाचे ठरले.

भागभांडवलासाठी गावोगाव

खरी परीक्षा पैशाची होती. कारखाना ही शेठजींची गोष्ट, असा सार्वत्रिक समज असताना विठ्ठलराव गावोगाव फिरले. ज्याच्या घरी रोकड नव्हती, त्याला भाग घ्यावयास लावणे म्हणजे त्याच्या विश्वासाचीच मागणी करणे होते. योजना फसली असती, तर शेकडो कुटुंबांची तुटपुंजी पुंजी बुडाली असती आणि सहकाराचे नाव कायमचे बदनाम झाले असते. शेतकऱ्यांचे भाग आणि दीर्घ मुदतीचे संस्थात्मक कर्ज यांच्या आधारे १९४८ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात दररोज ५०० टन क्षमतेच्या कारखान्याने पहिले गाळप केले. अध्यक्षपद गाडगिळांकडे सोपवून विठ्ठलराव उपाध्यक्षपदी राहिले.

सहकारी साखर कारखानदारीचे लहान प्रयत्न त्यापूर्वी आंध्रात झाले होते. मात्र आशिया खंडातील पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना अशी ख्याती प्रवरानगरला लाभली. १९६१ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी प्रवरानगरला भेट दिली. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. प्रवरेचा कित्ता राज्यभर गिरविला गेला. कारखान्याच्या आधाराने परिसरात शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालयही उभे राहिले. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलरावांचे निधन झाले. त्यांचे पुत्र बाळासाहेब विखे पाटील पुढे केंद्रीय मंत्री झाले.

वारसा आणि प्रश्न

प्रवरेचे यश सर्वत्र सारखे उमटले नाही. बुलडाणा जिल्ह्यात दुसरबीड येथे जिजामाता सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पण तो टिकला नाही. गव्हाणीत पुरेसा ऊस पडला नाही, तर सभासदांच्या उत्साहावर कारखाना चालत नाही. आणि उसासाठी हमखास पाणी हवे. राज्यात इतरत्रही अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले, काही खासगी हाती गेले. काही ठिकाणी सभासदांपेक्षा राजकारणाचाच वरचष्मा झाला.

आता साखरेबरोबर ऊर्जा हा कारखान्यांचा दुसरा आधार झाला आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासूनही इथेनॉल बनविण्याचा मार्ग मोकळा केला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने त्यावर निर्बंध घातले आणि २०२४ मध्ये ते उठविले. धोरणाच्या या चढउतारांत मिळणाऱ्या पैशातील किती वाटा ऊस उत्पादकापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न विठ्ठलरावांच्या काळाइतकाच आजही जिवंत आहे.

नारळी पौर्णिमेला राज्यात त्यांच्या स्मरणार्थ शेतकरी दिन पाळला जातो. प्रवरानगरच्या कारखान्याला आज त्यांचेच नाव आहे. तेथे येणाऱ्या पाहुण्याने यंत्रे अवश्य पाहावीत. पण त्याबरोबर सभासदांच्या यादीकडेही एकदा नजर टाकावी. विठ्ठलरावांनी उभे केलेले खरे यंत्र तेच होते.