शब्दाचे धनी नामदार गोखले

खडकी बाजारात कापडाचा व्यापार करताना एक गोष्ट लवकर कळली. भावात घासाघीस चालते. परंतु वायदा चुकला की पत जाते आणि गेलेली पत सहजी परत येत नाही. या संदर्भात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र मला नेहमीच मननीय वाटत आले आहे.

गोखले यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर निवर्तले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून धाकट्यास शिकविले. 1884 मध्ये बी.ए. झाल्यावर गोखल्यांनी वकिलीचा धनप्राप्तीचा मार्ग सोडला आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्यत्व पत्करले. फर्ग्युसन महाविद्यालयात ते 1902 पर्यंत अल्प वेतनावर अध्यापन करीत राहिले.

त्यांच्या शब्दाची खरी कसोटी 1897 मध्ये लागली. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडमध्ये होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील सैनिकांनी अत्याचार केल्याची पत्रे त्यांना आली आणि त्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात गंभीर आरोप केले. स्वदेशी परतल्यावर पुरावा मागितला गेला. परंतु पत्रलेखक पुढे येण्यास तयार नव्हते. गोखल्यांनी त्यांची नावे उघड केली नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोलावयास नको होते, हे मान्य करून त्यांनी जाहीर बिनशर्त माफी मागितली. स्वकीयांनी भ्याड म्हणून हिणविले. तो अपमान त्यांनी सोसला. विश्वासाने लिहिणाऱ्यांना मात्र संकटात लोटले नाही.

त्यानंतर त्यांचा प्रत्येक शब्द तोलून येऊ लागला. कायदेमंडळातील अंदाजपत्रकावरील त्यांची भाषणे आकडेवारीच्या भक्कम पायावर उभी असत. 12 जून 1905 रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. सदस्यास सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत आणि पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. उत्साहाच्या भरात शपथ घेणे सोपे, ती जन्मभर पाळणे कठीण, हे त्यांनी ओळखले होते.

जानेवारी 1915 मध्ये गांधीजी आफ्रिकेहून परतले. वर्षभर देश पाहावा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये, असे वचन गोखल्यांनी त्यांच्याकडून घेतले. पुढच्याच महिन्यात, 19 फेब्रुवारी 1915 रोजी, वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी गोखले पुण्यात निवर्तले. वचन घेणारा राहिला नव्हता, जाब विचारणारे कोणी नव्हते. तरीही गांधीजींनी ते वर्ष वचनास जागून काढले.

वहीवर लिहिलेले देणे सावकार वसूल करतो. तोंडी दिलेल्या शब्दाचा सावकार आपणच असतो. म्हणून शब्द देताना कृपण असावे, आणि दिल्यानंतर उदार.