बावीसाव्या वर्षी न्यूयॉर्क, आणि नंतर महाड

शिवथरला बाहेरचे लोक येतात ते घळ बघायला. आपण मात्र सकाळची एसटी पकडून महाडला निघतो, कारण कॉलेज, क्लास, झेरॉक्स, पासपोर्टचे फोटो सगळं तिथेच. हल्ली आपल्यातलेही काही जण परदेशी मास्टर्सचे फॉर्म भरू लागलेत. तुम्ही त्यातले असाल, तर बॅग भरण्याआधी एका मुलाची गोष्ट वाचाच. त्याचं मूळ गाव मंडणगडजवळचं आंबडवे, म्हणजे तसं आपल्या शेजारचंच.

जुलै १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले तेव्हा ते २२ वर्षांचे होते. (मीही २२ची आहे आणि अजून मुंबईची लोकल मला नीट झेपत नाही.) बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची स्कॉलरशिप होती, महिना साडेअकरा पौंड. त्यातूनच घरीही पैसे पाठवायचे. रमाबाई इकडे परळच्या चाळीत तंगीत संसार ओढत होत्या.

कोलंबिया विद्यापीठाच्या हॉस्टेलचं जेवण त्यांना मानवेना, म्हणून त्यांनी जागा बदलली. नंतर नवल भथेना नावाचा पारशी मित्र रूममेट म्हणून मिळाला आणि ही दोस्ती जन्मभर टिकली. आणि हो, सुरुवातीचे काही महिने बाबासाहेबही भटकण्यात, खेळण्यात रमले होते! मग एका रात्री आपण इथे कशासाठी आलोय हे मनाला टोचलं आणि अभ्यास सुरू झाला तो असा, की १९१५ मध्ये एम.ए. हातात. जेवणाचे पैसे वाचवून जुनी पुस्तकं घेतली, तीही जवळपास दोन हजार.

पण त्या शहराने दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट डिग्री नव्हती. तिथे ते कुणाच्याही शेजारी बसून जेवत होते, कुठल्याही नळाचं पाणी पीत होते. शाळेत तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतेपर्यंत थांबावं लागलेला हा मुलगा. परदेशात आपण अस्पृश्य आहोत हेच ते विसरून गेले होते, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. आपल्याला परदेशात घराची आठवण छळते. त्यांच्या बाबतीत छळणारं घराकडेच वाट बघत होतं.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. वर्षभरात स्कॉलरशिप संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मागून येणारी पुस्तकं ज्या बोटीवर होती, ती महायुद्धात पाणबुडीने बुडवली. त्यानंतर बडोदा. ज्या संस्थानाने शिकवलं त्याच्याच नोकरीसाठी हा कोलंबियाचा एम.ए. हजर झाला, तर गावात राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणून बजावून गेली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा माणूस कामाठी बागेत बसून होता. मला न्यूयॉर्कपेक्षा हा बाक जास्त आठवतो.

लंडनचा अभ्यास मात्र डोक्यातून जात नव्हता. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात दोन वर्षं शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हातभार लावला, भथेनांकडून कर्ज काढलं आणि १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले. यावेळची लंडनची लाइफ म्हणजे नुसती काटकसर. घरमालकीण खाष्ट. सकाळी पावाचा तुकडा, थोडा मासा, चहा. मग ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचन, दुपारचं जेवण नाहीच. बसचे पैसे वाचवायला पायपीट. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की मित्राने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दूध प्यायचं. परदेशी जाताना आई बॅगेत पापड कोंबते तेव्हा कटकट करू नका, एवढंच सांगते.

रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहून झाला, पण परीक्षकांनी फेरफार सुचवले. पैसे संपले होते. १९२३ मध्ये मुंबईला येऊन त्यांनी दुरुस्त प्रबंध पाठवला, तेव्हा कुठे डी.एस्सी. मिळाली. बॅरिस्टरही झाले होते.

आता आपलं महाड. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झालेला. महाड नगरपालिकेनेही तो मान्य केला होता, पण चवदार तळ्याला हात लावायची सोय कुणाला नव्हती. २० मार्च १९२७ ला परिषदेसाठी जमलेले लोक रांगेने तळ्यावर गेले. पुढे बाबासाहेब. खाली उतरून त्यांनी ओंजळभर पाणी प्यायलं. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांवर काठ्या पडल्या.

मग प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई हायकोर्टाने तळं सगळ्यांचं असल्याचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला. न्यूयॉर्कच्या नळाचं पाणी प्यायला लागून तोवर २३ वर्षं उलटली होती.